पांढरीवर वाचलेलं शेवटचं प्रकरण

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. शाळेत सायन्स शिकवतो, भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... पण घडलं ते घडलं, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

माझ्या बायकोला, मथुरेला, दोन वेडं होती. एक ऐतिहासिक कादंबऱ्या आणि डिटेक्टिव्ह गोष्टींचं, दुसरं पांढरीचं. पांढर म्हणजे जुनं गाव उठून गेल्यावर मागे राहिलेलं टेकाड. सोलापुराहून सर्व्हिस मोटारीने वैरागच्या अलीकडे उतरलं की ओढ्याकाठी अशी एक पांढर आहे. सुट्टीला आम्ही तिथे जायचो. ती खापरं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वेचायची आणि मी बाभळीखाली बसून मोठ्याने कादंबरी वाचायचो. काही सापडलं की त्या जागी ती चिमूटभर हळदकुंकू वाहायची. म्हणायची, "कुणाच्या तरी घरातलं नेतोय. तसंच कसं उचलायचं?" हळूहळू वस्तीवरच्या बायका ती जागा देवीची समजून तिथे पाणी घालू लागल्या. मथुरा तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत होती. "बघा, तुमच्या सायन्सला जमलं का कधी देव करायला?"

गेल्या वर्षी आम्ही एका खुनाच्या कादंबरीत अडकलो. वाचनालयातल्या प्रतीची शेवटची पानं कुणा मेल्याने फाडून नेलेली. मथुरा म्हणायची खुनी दिवाणजीच, मी म्हणायचो धाकटा भाऊ. त्यातच तिला विषमज्वर झाला. तापातसुद्धा तिचं एकच... "अहो, दिवाणजीच ना?" बार्शीच्या एका स्नेह्याकडे पूर्ण प्रत आहे असं कळलं. "आणाच," ती म्हणाली, "शेवट कळल्याशिवाय मला चैन नाही पडायचं." मी पुस्तक घेऊन परतलो तेव्हा ओट्यावर माणसं उभी होती. दिवाळीला घेतलेल्या हिरव्या इरकली लुगड्याची तिने घडीसुद्धा मोडली नव्हती. तेच नेसवून तिला नेलं.

पुढे कित्येक महिने ते पुस्तक मला उघडवेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र एकटाच पांढरीवर गेलो. भर दुपार. बाभळीखाली बसलो आणि शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं, नेहमीसारखं. कुणासाठी, ते विचारू नका. खुनी दिवाणजीच निघाला. पुस्तक मिटलं आणि पोटभर रडलो.

परत निघालो तर वाटेवर वस्तीवरची म्हातारी शेळ्या घेऊन बसलेली. ती आम्हा दोघांना ओळखायची. मथुरा गेल्याचं मात्र तिच्या कानावर नव्हतं.

"मास्तर, एकलेच निघालाव? बाई कुटं हायती?"

"कुठल्या बाई?"

"तुमच्याच की. आत्ता तुमच्या म्होरं बसल्या हुत्या. तुमी वाचीत हुता, त्या ऐकत हुत्या. हिरवं इरकल नेसल्या हुत्या, नवं कोरं. लई खुलून दिसत हुतं."

 कसंबसं विचारलं, "मी पुस्तक मिटलं तेव्हा... काय करत होती?"

"हसल्या की. तोंडाला पदर लावून."

मी धावत मागे गेलो. बाभळीखाली कुणी नव्हतं. परत आलो तर म्हातारी थोडी घुटमळली, मग म्हणाली, "राग नगा मानू मास्तर, भांडलाव का काय? सारा येळ त्या तुमच्याकडंच बघत हुत्या. तुमी एकदा बी वर बघितलं न्हाय."

उन्हात तिला भास झाला म्हणावं, तर त्या भासाला माझ्या घरातलं लुगडं कसं ठाऊक?  आणि खरं सांगू, मला आता उत्तर नकोच आहे. सुट्टी मिळाली की नवी कादंबरी घेऊन मी तिथे जातो. एक ओळ वाचतो आणि वर बघतो. परत एक ओळ वाचतो, परत वर बघतो. समोर नुसतं टेकाड असतं.