गेटवरची फुंक

"फुंक."

कुपवाडच्या कारखान्याचं गेट. सकाळचे सात. पहिल्या पाळीचे चाळीस-पन्नास जण सायकली, लुना हातात धरून उभे. त्या सगळ्यांसमोर सुपरवायझर मला म्हणाला, फुंक. स्वतःच्या तोंडावर नाही. माझा श्वाससुद्धा त्याला चालला नसता. वॉचमन मामांच्या तोंडावर फुंकायला लावलं आणि स्वतः नाकाला रुमाल लावून दोन पावलं मागं सरकला.

मी फुंकलं.

वॉचमन मामा मेढ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणाले, "वास न्हाई, साब."

"वास नसेल. याचा डोळा बघा. चाल बघा. यांच्या रक्तातच असतं ते."

माणसं हसली. हसणाऱ्यांतली निम्मी आदल्या दिवशी खरंच ढोसून आलेली. त्यांना कुणी फुंक म्हटलं नाही. त्यांची आडनावं बरी होती.

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण सकाळी उठलो की कंबर लाकूड झालेली असायची. कूस बदलायला बायकोला हात द्यावा लागायचा. सुट्टीला दिवसभर पडून राहिलो की दुसऱ्या दिवशी दुप्पट. पायऱ्या उतरताना भिंत धरायची. त्यात मधूनच डावा डोळा लालभडक व्हायचा, ठणकायचा, उजेड सोसायचा नाही. मग लेथवर उभा राहिलो, हातपाय हलले, की दहाच्या सुमाराला अंग मोकळं व्हायचं. नेमका दहाला तो फेरीवर यायचा आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणायचा, "उतरली वाटतं!"

दोन वर्षं. दर सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी.

एकदा डाव्या डोळ्यापुढं धूर धरल्यासारखं झालं. मी गेटपास मागितला. म्हणालो, मिरजेला दाखवून येतो. तो म्हणाला, "दारू सोड, डोळा आपोआप उघडेल." पास दिला नाही. खाडा केला तर काम जाईल म्हणून मीही गेलो नाही. भ्यालो. एवढी चूक माझी. बाकी सगळी त्याची.

महिन्याभरानं त्यानं केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढं सरकवला. "मी दारू पिऊन कामावर येतो, पुन्हा येणार नाही." सही कर, नाहीतर घरी जा. घरात दोन लहान पोरं. मी पेन उचललं. कागदावर डोळे नेले, तर डाव्या डोळ्याला अक्षरच दिसेना. उजवा झाकून पाहिला. नुसता पांढरा कागद. या माणसानं माझा डोळा घालवला होता आणि वर माझीच सही मागत होता. माझं डोकं फिरलं. पेन टेबलावर ठेवलं आणि तसाच बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई शिकलेल्या, मोठ्या हुद्द्याच्या, पण मला अहो-जाहो करत होत्या. डोळा तपासायला बसवलेलं आणि विचारलं कमरेचं.

"पाठ सकाळी आखडते का? कामानं वाढते की विश्रांतीनं?"

"इश्रांतीनं," मी म्हणालो. आणि मला रडू फुटलं. दोन वर्षांत हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्यांनी समजावून सांगितलं. मणक्याचे, कमरेचे सांधे सुजतात, तीच सूज डोळ्याच्या आत उतरते. दारूशी संबंध नाही. काही घराण्यांत ते पिढीतून येतं, रक्त तपासलं की खूण सापडते. डोळ्याला वेळेवर औषध पडलं असतं तर एवढा गेला नसता. मग म्हणाल्या, "वडिलांना असं काही होतं का?"

होतं.

इस्लामपूरकडच्या आमच्या गावात बा वाकून चालायचा. डोळा लाल. गाव त्याला बेवडा म्हणायचं, मजुरीला कुणी लवकर घ्यायचं नाही. मी दहावीत होतो. एसटी स्टँडवर मित्रांसमोर मीच त्याला म्हणालो होतो, "फुंक बघू." बा ओशाळून हसला आणि पोटच्या पोराच्या तोंडावर फुंकला. "आरं, म्या कवा पितो रं?" तंबाखूचा वास आला, दुसरा कसला नाही. तरी मी गावावर विश्वास ठेवला, बावर नाही. तो बेवडा म्हणूनच मेला.

तीन आठवड्यांनी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, सातला मी गेटवर गेलो. डॉक्टरीणबाईंचा कागद सुपरवायझरपुढं धरला.

"मोठ्यानं वाचा, साहेब."

"आत चल, केबिनमध्ये बोलू."

"फुंक हितं घेतली. वाचायचं बी हितंच."

त्यानं हात पुढं केला नाही. वॉचमन मामांनी केला. "आण हिकडं." फौजेतलं इंग्रजी. एकेक अक्षर लावत त्यांनी कागद वाचला, मग मान वर करून सगळ्यांना सांगितलं, "आजार हाय ह्याला. दारू न्हाई. मी तवाच म्हनलो हुतो." कुणी हसलं नाही. बरेच जण सायकलीच्या घंट्या बघत बसले.

सुपरवायझर म्हणाला, "झालं गेलं विसरून जा. उद्यापासून ये कामावर."

"आन् डोळा?" मी विचारलं.

तो आत निघून गेला.

मी कामावर गेलो नाही. रस्त्याच्या पलीकडं एका गाळ्यात लेथ धरलाय. तीन वर्षं झाली. दर सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, कंबर कितीही धरलेली असो, मी सातला त्या गेटसमोर जाऊन उभा राहतो. तो मान खाली घालून आत जातो. त्यानं दोन वेळा माणूस पाठवला, मिटवून टाकू म्हणून. मला मिटवायचं नाही. माफीही नको. त्याच गेटवर, त्याच माणसांसमोर, त्याच्या तोंडून मला एक वाक्य पाहिजे: मी खोटं बोललो. बासाठी ते कुणी म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. याला म्हणावंच लागेल. तो रिटायर होईल त्या दिवशी हार घालून याच गेटातून बाहेर येईल. तेव्हाही मी समोर असेन. उजव्या डोळ्यानं मला तो अजून स्वच्छ दिसतो.