देवीची उजवी, आपली उजवी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मला साधी विडी कधी लपवता आली नाही!

आम्ही गुरव. तारापूरजवळच्या आमच्या गावात देवीची पूजा आमच्याकडे. तिकडे वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, तेव्हा घाटावरची बिऱ्हाडं गावात भाड्यानं आली. त्यातलीच मंजुळा. तिचं सहा महिन्यांचं पोर तापानं गेलं — आणि ही शेजारीच झोपलेली. तेव्हापासून तिची झोपच उडाली. पालघरच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, नवऱ्याचं समजावणं झालं. ती आपली गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

एका मंगळवारी नवरा तिला घेऊन देवळात आला. कौल लावायचा होता. मी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं — पोर हिच्या दोषानं गेलं नसेल, तर उजवी दे, माय.

डावी पडली.

आता तुम्हाला सांगायला हवं — कौलातली उजवी म्हणजे देवीची उजवी. समोर बसणाऱ्याच्या उलट. आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं. पण ही दोघं नवखी. मंजुळानं आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग पाकळीकडे. "उजवी पडली न्हवं, काका?"

मी म्हटलं, "हो. उजवी."

दया आली म्हणून? छे! घाबरलो मी. खरं सांगितलं आणि हिनं विहीर जवळ केली, तर गाव मला काय म्हणेल — एवढंच डोक्यात आलं.

ती रडली. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच. देवीनं तिला सोडवलं, ही बातमी गावभर झाली, आणि इतके दिवस लांबून बघणाऱ्या बाया पुढे झाल्या. "आमी हाय ना, एकटी कशाला बसते?" म्हणत तिला शुक्रवारच्या भजनाला ओढून नेली. तिथे भिंतीला टेकून ती चक्क घोरायला लागली! कुणी उठवलं नाही. टाळ तेवढे हळू वाजले.

मला फार बरं वाटलं. आजही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण देवीनं 'नाही' म्हटलं होतं आणि मी तिच्या तोंडी 'हो' घातलं. त्यानंतरही वर्षानुवर्षं मी कौल लावत राहिलो, लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवत राहिले.

दोन वर्षांनी मंजुळा तान्ही लेक घेऊन आली. देवीची ओटी भरली, आणि मग वळून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.