सगुणाबाईंचं झाकलेलं पोतं

सगुणाबाई आज पहाटे गेल्या, आणि दुपारी त्यांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर देणगीदारांचे फोटो त्यांच्यापेक्षा मोठे होते.

त्याखाली, फोटोतच, ओळीत उभी केलेली त्यांच्या वसतिगृहाची मुलं. हातात वह्या. प्रत्येक वहीवर देणाऱ्याचं नाव.

मी भांडले. स्मशानभूमीच्या फाटकात, या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून.

संस्थेचा एक तरुण पदाधिकारी मला समजावत होता, "मॅडम, डोनर्सना रेकग्निशन लागतं. आजकाल असंच असतं."

आजकाल?

बाळा, हा उद्योग तुझ्या जन्माआधी मी केलाय. ऐक.

बहात्तरचा दुष्काळ. पाथर्डी. मी वीस वर्षांची, नगरच्या कॉन्व्हेंटमधून शिकून आलेली. इंग्रजी फाडफाड, अक्कल बेताची.

सगुणाबाई तेव्हा मुलांचं वसतिगृह चालवायच्या, मी तिथेच राहून पोरांना शिकवायचे. वसतिगृह म्हणजे दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरांची शाळा सुटू नये, एवढ्यासाठी. नाहीतर पोरगी आईबरोबर उसाच्या फडावर जायची, धाकट्याला सांभाळायची, आणि चार वर्षांत तिच्याच हातात कोयता.

ग्रँट नाही, ट्रस्ट नाही. गावच जेवू घालायचं.

दर शनिवारी पडवीत एक पोतं उभं असायचं. तोंडावर जुन्या लुगड्याचा तुकडा. बायका घरून मुठीत बाजरी-ज्वारी आणायच्या, कापडाखाली हात घालायच्या, मूठ सोडून निघून जायच्या. आत राहणाऱ्या मुलांच्या आयासुद्धा.

कुणी किती टाकलं, कुणी बघायचं नाही.

बाईंचा नियम एकच. "हात समद्यांनी घालायचा."

मला हे फार गबाळं वाटायचं. काही सिस्टिमच नाही!

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये भिंतीवर स्टार चार्ट असायचा. चांगलं वागलं की नावापुढे सोनेरी तारा. एकदा बाई धान्याची सोय बघायला नगरला गेल्या, तेव्हा मी तसाच चार्ट करून दारावर लावला. सगळ्या बायकांची नावं, माझ्या वळणदार अक्षरात. शनिवारी पोत्याशेजारी खुर्ची टाकून बसले. कापड काढून ठेवलं. जिने धान्य टाकलं, तिच्या नावापुढे तारा.

यमुना आली. नऊ वर्षांच्या चंद्राची आई. दोन दिवसांनी ऊसतोडीला निघायची होती.

तिने हात घातला, मूठ उघडली.

रिकामी होती.

मी तारा चिकटवला नाही. मला वाटलं, हाच प्रामाणिकपणा.

तेवढ्यात चंद्रा धावत आली. तिला नुकतंच नीट वाचता यायला लागलं होतं, दिसेल ते वाचायची. सगळ्या बायकांसमोर मोठ्याने म्हणाली, "आये, हे बग तुजं नाव! पर तुज्याम्होरं चांदनी न्हाई."

यमुना पदर सावरून निघून गेली.

सोमवारी सकाळी बाई परतल्या. पोरांवरून नजर फिरवली.

"चंद्री कुठाय?"

एक मुलगी हळूच म्हणाली, "तिची आय घिऊन गेली. फडावर."

बाईंनी दारावरचा चार्ट पाहिला. वरपासून खालपर्यंत वाचला. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"ए कॉन्व्हेंट, चपला घाल. पोतं घे."

एसटी स्टँडामागे मुकादमाचा ट्रक सुरू होऊन उभा होता. गोधड्या, भांडी, शेळ्या, माणसं. वर चंद्रा, मांडीवर धाकटी बहीण.

आम्ही पोचलो तेव्हा क्लीनर ट्रकच्या मागच्या फाळक्याची साखळी लावत होता.

"यमुने, पोरगी खाली दे."

"न्हाई बाई. फुकटचं खायाला आमी भिकारी हाय का?"

"कोन म्हनलं फुकट?"

यमुनेने माझ्याकडे बोट केलं. "ह्या मिसनी. कागदावर लिवलंय. माज्याच पोरीनं वाचलं."

मी जमिनीकडे बघत राहिले.

मुकादम खेकसला, "ओ बाई, व्हा बाजूला! सांजच्याला देवळालीला पोचायचंय." ड्रायव्हरने हॉर्न दाबला.

"वाजीव! म्या काय बैल हाय का बुजायला?"

अख्खा ट्रक हसला. यमुना हसली नाही.

ट्रक हातभर पुढे सरकला. बाई फाळक्याला धरून तशाच चालल्या. मग माझ्याकडून पोतं ओढून घेतलं, तोंडावर स्वतःचा पदर टाकला आणि वर धरलं.

"हात घाल."

"माज्या हातात काय न्हाई, बाई."

"म्या इचारलं का?"

ड्रायव्हरने ब्रेक मारला. का, ते त्यालाच ठाऊक.

यमुना वाकली. तिची बंद मूठ पदराखाली गेली. बराच वेळ आत राहिली.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता दे पोरगी."

चंद्रा हातोहात खाली आली. भोकाड पसरून. तिला आई हवी होती, शाळा नको होती. यमुना धाकटीला पोटाशी धरून दुसरीकडे बघत बसली. ट्रक गेला.

परत आल्यावर बाईंनी दारावरचा चार्ट उतरवला. फाडला नाही. "मागनं कोरा हाय. पोरं पाढे लिवतील."

पुढच्या शनिवारी पोत्यावर पुन्हा कापड आलं आणि पहिली मला उभी केली. मी बाईंचंच खात होते. माझीही मूठ रिकामीच होती. ती कापडाखाली घालताना काय वाटतं, ते मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

आज फाटकात चंद्रा माझ्या शेजारी होती. साठी ओलांडलेली, रिटायर्ड नर्स. मी त्या पदाधिकाऱ्याला झाडत होते.

तेवढ्यात चंद्राने अंगावरची शाल काढली आणि फ्लेक्सवर टाकली. देणारे झाकले. वह्या धरलेली पोरंही झाकली.

वर फक्त सगुणाबाई राहिल्या.

ती शाल काढायची कुणाची हिंमत झाली नाही. मी होतेच तिथे.

बाई, कापड टाकलंय. आता निवांत जा.