माझ्या पांढऱ्या साडीवरचं चित्र

“आजी, लुक्स लाइक यू, लाह!” माझी नात भिंतीकडे बोट दाखवून ओरडली. आठ वर्षांची पोर, इथल्या मुलांसारखं वाक्याला ‘लाह’ जोडते.

हॉलभर हशा. मीही हसले.

त्या माझ्या हसण्याची मला अजून किळस येते.

सिंगापुरातल्या टॅम्पिनीसमधला कॉन्डो, माझ्या मुलाच्या साहेबांचा. रविवारी दुपारी दहा-बारा मराठी मंडळी जेवायला. साहेबांना जुन्या वस्तूंचा नाद. ऑस्ट्रेलियातून त्यांनी एक दिव्याचं यंत्र आणलेलं. आत काचेवरचं चित्र सरकवायचं, ते भिंतीवर मोठं दिसतं. शंभर वर्षांपूर्वी गोरे लोक असली चित्रं बघून करमणूक करून घेत.

भिंतीवर तिथला मूळचा माणूस होता. गोऱ्यांनी ज्याची जमीन घेतली, तो. काढलेला कसा? डांबरासारखा. ओठ चपलेच्या तळव्याएवढे. डोक्यावर फाटकी हॅट, कमरेला चिंधी, पाय माकडाचे. पिठाचं पोतं चोरून पळतोय, मागे कुत्रा. थू.

मी का हसले? सवय. तिसरीत असताना शाळेत नाटक होतं. गुरुजींनी मला राक्षसीण केलं. म्हणाले, “हिला काजळी फासायला नको. देवानेच फासून पाठवलीय.” वर्ग हसला. मीही हसले. आपण हसलं की लवकर संपतं, एवढं मला तेव्हा कळलं. चौथीनंतर शाळा सुटली. हे नाही सुटलं.

साहेबांनी पुढची काच उचलली. नात पुढे सरकली, हसायला तयार.

मी उठले आणि यंत्रासमोर उभी राहिले. सकाळी विहारात वंदनेला गेले होते, अंगावर पांढरी साडी. तो माणूस भिंतीवरून माझ्या साडीवर आला.

“मावशी, भिंत अडवताय.” इतरांच्या आयांना साहेब काकू म्हणतात. मला मावशी. पुण्यातल्या त्यांच्या कामवालीला म्हणत असतील तसं.

“बंद करा.”

“अहो, जुनी गंमत आहे. आपली माणसं थोडीच आहेत ती?”

“माझी आहेत.”

मुलगा कानाशी आला. “आई, खाली बस. इथे नोकरी करायच्या माझ्या पासचं रिन्यूअल यांच्याच सहीवर आहे.”

“तुझं तू बघ. मी हलत नाही.”

दिवा विझला. कुणीतरी श्रीखंडाच्या वाट्या आणल्या. मी घेतली नाही.

परतताना एमआरटीच्या गाडीत मुलगा लांब जाऊन उभा राहिला. नातीने विचारलं, “आजी, माझ्यावर अँग्री?”

“माझ्यावर. तुझ्यासोबत मी हसले म्हणून.”

सही होईल, न होईल. पोरगा अजून तोंड फिरवून असतो. फिरवू दे. मी पुन्हा हसणार नाही. साहेबांसमोर नाही, आणि या पोरीसमोर तर नाहीच.

मी बहात्तर वर्षांची. चौथी शिकलेली. काळी. ते चित्र माझ्या अंगावर पडलं होतं.