पहिल्या नंबरवर कुठली ब्रँच?

घरातलं पोर बारावीला गेलं की अभ्यास त्याचा एकट्याचा असतो, पण किस्से सगळ्या आळीचे होतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, सुकटीच्या वासासारखे ते घरात राहूनच जातात!

मी डहाणूजवळच्या आगर गावची. आई डहाणूच्या बाजारात मासळी विकते, बाबा बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. मला हवं होतं बायोमेडिकल इंजिनिअरिंग, म्हणजे मशीन, कॉम्प्युटर आणि बायोलॉजी एकाच ताटात. त्यासाठी मुंबईला हॉस्टेलवर राहावं लागणार होतं. बाबांना हवं होतं कॉम्प्युटर, तेही घरून रोज ये-जा करता येईल अशा कॉलेजात. फॉर्मवर पहिल्या नंबरची ब्रँच मिळाली की मागे फिरायची सोय नाही. त्यामुळे पहिला नंबर कुणाला, यावरून घर महिनाभर गरम होतं.

*

तशी सुरुवात अकरावीलाच झाली. मी मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही घेतले.

शेजारच्या जनीकाकी म्हणाल्या, "दोन दोन कशाला गो?"

म्हटलं, "काकी, मला दोन्ही आवडतात."

"हुशार हाय पोरगी! एकात गचकली तर दुसरा हायेच!"

*

कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन आमच्याकडे पडून होतं. एकदा आई बाजारातून आल्या आल्या तिच्या बोटाला लावलं. दिवसभर बर्फातली मासळी हाताळून बोटं गार पडलेली. मशीनवर नुसत्या रेघा!

आई घाबरली. "मी हाय ना गो?"

गार बोट मशीनला का वाचता येत नाही? मला झोप येईना. कासा गावच्या दवाखान्यात आत्याला दाखवायला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते हसले. "हे इंजिनिअरला विचार." बोईसरला आमचा दादा कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "वेडी आहेस का? डॉक्टरला विचार!"

आईने शांतपणे विचारलं, "मग या दोघांच्या मध्ये कोण बसतं?"

ब्रँच मला त्या दिवशी सापडली.

*

कॉलेजात डोळा शिकवायचा होता. मी घरून मोठा घोळ मासा नेला, ताजा फडफडीत. बायोलॉजीच्या मॅडमनी डोळा कापून आतलं भिंग काढलं. गोल, काचेच्या गोटीसारखं! तेवढ्यात फिजिक्सचे सर आले आणि त्यांनी ते उचलून पेपरवर ठेवलं. खालची अक्षरं मोठी दिसायला लागली.

मॅडम म्हणाल्या, "सर, द्या इकडे, ही बायोलॉजी आहे."

सर म्हणाले, "मॅडम, हे शंभर टक्के फिजिक्स आहे!"

दोघं हट्टाला पेटले. दारात उभ्या असलेल्या शिपाईकाकांनी टेबलावरचा बाकीचा मासा बघितला आणि हळूच विचारलं, "मग हे माझं ना?"

*

नंतर एकदा आत्याला पुन्हा दाखवून कासाहून परत येताना शेअर जीपमध्ये कोंबून बसलो होतो. ड्रायव्हरने विचारलं, काय शिकणार? मी सांगितलं, हॉस्पिटलची मशीनं बनवणार. झालं! सगळी जीप सल्ला द्यायला लागली. कैनाड गावचे एक शेतकरी म्हणाले, "भाताचा रोग सांगणारं मशीन बनव आधी."

मागच्या सीटवर एक म्हातारी गप्प बसली होती. उतरताना माझा हात धरून म्हणाली, "बाय, मशीनला बोलायला शिकव. मी खाटेवर होते, ते नुसतं टूं टूं करायचं. सगळे त्याच्याकडे बघायचे. मी बरी होते का मरते, मलाच कुणी सांगत नव्हतं."



*

आता शेवटचा दिवस. शनिवार, पाच वाजता फॉर्म बंद. तीन वाजले तरी बाबा एकच धरून बसलेले. "मशीन ते मशीन, माणूस तो माणूस. दोघांचा काय संबंध?"

मला रडू आलं. रागही भयंकर आला. मी ओरडलेच, "बाबा, माणसाच्या हृदयात चार वॉल्व्ह असतात!"

"वॉल्व्ह?"

"हो! रक्त एकाच बाजूला सोडतात, उलटं येऊ देत नाहीत."

बाबा उठले. चालू इंजिनाच्या आतलं ऐकायला मेकॅनिक लोक लांब स्क्रू ड्रायव्हर वापरतात, एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. बाबांनी पेटीतून तोच काढला. टोकाला टॉवेल गुंडाळून कानाशी धरलं. आई पायरीवर बसून बोंबील निवडत होती. टोक तिला टोचू नये म्हणून बाबांनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ सरळ तिच्या छातीला लावली!

"अहो! लोक बघतात!"

"गप. हलू नको."

आई दोन्ही हातांत बोंबील धरून पुतळा झाली. जनीकाकी कुंपणापाशी येऊन उभ्या. बाबांनी डोळे मिटलेले. एक मिनिट गेलं, दोन गेली.

मग त्यांनी डोळे उघडले.

"दोनच वॉल्व्ह ऐकू येतात गो. बाकीचे दोन कुठे वाजतात ते शिकून ये. जा, भर फॉर्म."