बाबांच्या खोलीतला आंशिक दाब

मुलुंडच्या एका क्लासमध्ये मी अकरावीच्या पोरांना दरवर्षी सांगतो: भांड्यात कितीही वायू कोंबा, प्रत्येक जण आपापला दाब टाकतो, शेजारी कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सोसायटीतल्या मेंबरांसारखे. मिश्रणात ज्याचा वाटा जेवढा, तेवढाच त्याचा दाब, म्हणजे आंशिक दाब. पोरं वहीत उतरवतात आणि विसरतात. मी विसरत नाही, हाच माझा प्रॉब्लेम.

बाबांची फुप्फुसं गिरणीतल्या कापसाच्या धुळीने कामातून गेली. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, तशी गाववाली मंडळी बघायला आली. आमच्या कोकणी माणसांत आजाऱ्याला एकेकट्याने भेटायची पद्धत नाही. आठ जण एकदम, शहाळी घेऊन, पलंगाभोवती ठिय्या. मोठ्या काकांनी आल्या आल्या फर्मान काढलं, "खिडकी लाव, वारो लागात त्येका." दोन तास झाले तरी कोणी हलेना. बाबा मात्र खुशीत होते.

माझी सटकली. मी तिथेच शिकवायला लागलो. "हवेचा एकूण दाब तोच राहतो, पण तुम्ही आठ जण ऑक्सिजन ओढून कार्बन डायऑक्साइड सोडताय. ऑक्सिजनचा दाब उतरतोय. बाबांना काय उरणार? सगळे बाहेर व्हा." मंडळी गुमान उठली. काकांनी चहाही अर्धा ठेवला.

"झालो तुझो ऑक्सिजन भरपूर," बाबा म्हणाले. "आता बोलू कोणाशी?" आणि भिंतीकडे तोंड फिरवून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी क्लास भरायच्या आधी मी फळ्यावर त्या खोलीचं गणित मांडलं. शंभरात एकवीस भाग ऑक्सिजन. आठ माणसं बंद खोलीत दोन तास बसली तरी त्यातला जेमतेम एक भाग कमी होणार. खिडकी उघडी असती तर तेवढाही नाही. खिडकी उघडायची सोडून मी माणसं हाकलली होती. एवढी लाज मला स्वतः नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती.

काकांना फोन लावला. "डॉक्टर म्हणाले, माणसं चालतील," मी थाप मारली. गणित न करताच बोललो, हे सांगायला जीभ रेटेना.

रविवारी अकरा जण आले. मी गुपचूप खिडकी उघडली. बाबा हसले, खोकले, पुन्हा हसले. मला बरं वाटलं, म्हणून पलंगाच्या कडेला टेकायला गेलो.

"तू जरा भायर उभो रव," बाबा म्हणाले. "तेवढोच ऑक्सिजन वाचात."

मी निमूट बाहेर जाऊन उभा राहिलो.