जुना डबा

लाइनमनकाकांनी तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढउतार केली. तक्रार आली की ते आधी तार तपासायचे आणि मग निकाल द्यायचे, "लाइन ठणठणीत आहे. दोष तुमच्या घरात शोधा." लोक चिडायचे, पण निदान कधी चुकलं नाही.

निवृत्तीनंतर एकच तक्रार उरली, ती स्वतःची. दूर राहणाऱ्या लेकीचा रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला तिचा चेहरा पडद्यावर थिजायचा. मग मेसेज : 'बाबा, नेट गेलं. पुढच्या रविवारी बोलू.' त्या पाच मिनिटांवर काका आख्खा आठवडा काढायचे.

"हा राउटर बदलायचा," एका रविवारी ते म्हणाले.

"त्याला काय धाड भरलीय?" काकू म्हणाल्या. "माझ्या मालिका तर कधी अडकत नाहीत."

"तुझ्या मालिकांत सगळे रडतच असतात. रडायला कितीसं नेट लागतंय?"

दुकानदाराच्या तोंडाला लगाम नव्हता. "हा घ्या काका, सहा अँटेना! पोरं गेम खेळून वेडी होतात! हा आठवाला बघा, घरात विमान उतरवाल विमान!"

"विमान नको, मला लेक दिसायला हवी. दोन खोल्या, मधे जाड भिंत. महिनोन्‌महिने चालू ठेवला तर तापतो का, तेवढं सांग."

दुकानदाराने तीन-चार राउटर चालू करून समोर मांडले. तापकरी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा काकांनी चालू असलेल्या एकेका राउटरवर तळहात ठेवून पाहिला. शेवटी एक साधासुधा, दोन अँटेनांचा, पण गार राहणारा निवडला. घरी तो लोखंडी कपाटापासून लांब, उंचावर, मोकळ्या जागी बसवला. जुना डबा काकूंनी कुठेतरी ठेवून दिला.

रविवारी लेक इतकी स्वच्छ दिसली की तिच्या कानामागची पांढरी बटसुद्धा काकांना दिसली.

"जेवतेस ना वेळेवर?"

"हो हो, बाबा."

"मग या सुट्टीत येतेस ना घरी?"

लेक थिजली. तोंड अर्धवट उघडं, डोळे स्थिर.

काका राउटरकडे धावले. सगळे दिवे हिरवे. परत येऊन पाहतात तर लेकीच्या पाठीमागे खिडकीचा पडदा हलत होता. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा तुरुतुरु पळत होता. आणि लेक बसली होती, लहानपणी स्टॅच्यू खेळताना श्वास कोंडून उभी राहायची, तशी.

लाइन ठणठणीत होती.

"हॅलो? गेलं वाटतं नेट," काका मोठ्यांदा म्हणाले आणि त्यांनीच कॉल बंद केला.

मग काकूंकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

काकूंनी मान खाली घातली. "तुम्ही दर सोमवारी वायरी तपासत बसायचात. तेवढीच आशा होती तुम्हाला. ती कशी काढून घेऊ?"

पुढच्या रविवारी काकूंनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेला जुना डबा काढून दिला. काकांनी तो निमूटपणे जोडला. दोष आपल्याच घरात असलेला बरा.

कॉल आला. चौथं मिनिट लागलं तशी लेक बोलताबोलता मंदावायला लागली. तिला थिजावं लागू नये म्हणून काकाच घाईघाईने म्हणाले,

"बाळा, आमचाच डबा खराब आहे गं. ठेवतो मी."